सांडलेली पॅकेटं

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात मला सगळे मॅडम म्हणतात. म्हणायला काय जातंय. मी तासिकेवरची बाई. जेवढे तास घेतले तेवढीच मी त्या कॉलेजची. सुट्टी लागली की कॉलेज मला विसरतं, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच मोडक्या हाताची खुर्ची. शिपाई कायम आहे, लॅबमधला कुरकुरणारा पंखा कायम आहे, मी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी विचारणारच की मॅडम, तुम्ही जागच्या जागी राजीनामा का तोंडावर फेकला नाही. असं विचारणाऱ्याला बहुधा पेन्शन असते.

एम.ई.ला मी प्रबंध केला तो पॅकेट कॅप्चरवर. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा बोलण्याचे तुकडे करून पाठवतात, त्या एका तुकड्याला पॅकेट म्हणायचं. वायरीतून जाणारी ही पॅकेटं तिसऱ्याच कॉम्प्युटरनं बाजूला बसून टिपून घ्यायची, ते कॅप्चर. माझा प्रश्न अगदी साधा होता. कॉम्प्युटर तोच, वायर तीच, पॅकेटंही तीच. आत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून विंडोज घातलं तर किती टिपली जातात, लिनक्स घातलं तर किती, फ्रीबीएसडी घातलं तर किती? पॅकेटांना नंबर टाकून एका टोकाकडून सोडायची आणि दुसऱ्या टोकाला हजेरी घ्यायची. नवरा म्हणायचा, वर्गातल्या पोरांची हजेरी तू एवढी मन लावून घेत नाहीस.

त्यातून निघालं ते असं. सावकाश सोडली तर तिन्ही सिस्टिम शहाण्या. गर्दी झाली की तिघींचंही सुटायला लागतं, कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. आणि दोष नुसत्या सिस्टिमचा नसतोच. आलेलं पॅकेट प्रोग्रामच्या हाती पडेपर्यंत थांबायला जागा केवढी ठेवली आहे, शेजारी अँटिव्हायरस प्रत्येकाची झडती घेत बसलाय का, पडद्यावर ओळी पळवत ठेवल्यात का, यावर सगळं ठरतं. नीट बसवलं तर विंडोज फार मागं राहत नाही, आणि वेंधळ्यासारखं बसवलं तर लिनक्सही सांडतं. शेवटच्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. कॅप्चरमध्ये दिसत नाही, एवढ्यावरून पॅकेट गेलंच नाही असं म्हणता येत नाही.

या प्रबंधाचे मार्गदर्शक आमचे विभागप्रमुख. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. सरांनी प्रबंध वाचला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण सह्या करताना त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, विषय काय होता आपला?" पुढं त्याचा पेपर छापून आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. त्या पेपराच्या जोरावर सर प्रोफेसर झाले आणि विभागात पेढे वाटले. सगळ्यांना एकेक, मला दोन. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे आपण शाळेत नुसतं पाठ करतो. कळतं ते असा जास्तीचा पेढा हातात आल्यावर.

हे सगळं मी गिळलं होतं. त्या मुलीचं प्रकरण झालं नसतं तर गिळलेलंच राहिलं असतं.

मुलगी शेवटच्या वर्षाची, लोहाऱ्याची. वडलांची पिठाची गिरणी. रोज एसटीनं येऊन-जाऊन तिनं शिक्षण काढलं. बोलणं कमी, पण प्रॅक्टिकलला कुणाचं जमेना की सगळे हिच्याच टेबलाभोवती. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलंही होतं, फक्त याच वर्षी निकाल हातात पाहिजे होता. घरून पुण्याला सोडायला वडील लई मुश्किलीनं तयार झाले होते. नोकरी हाय तर जा, न्हायतर घरी ये, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणजे हे वर्ष गेलं तर नुसतं वर्ष जाणार नव्हतं, पुणंच जाणार होतं.

आमच्याकडं परीक्षा लॅबमध्ये कॉम्प्युटरवर होते. आदल्या सत्रात दोन-तीन पोरांनी एक युक्ती काढली होती. अवघड प्रश्न आला की मागून केबल ओढायची. जोडणी तुटली की सॉफ्टवेअर तेवढा वेळ वाढवून देतं, तेवढ्यात शेजाऱ्याला विचारायचं. त्यावर सरांनी उपाय काढला. लॅबच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता, ज्याला आम्ही खंडेनवमीला झेंडूचा हार घालतो आणि ज्याच्या कपाळावरचं कुंकू वर्षभर तसंच असतं. सगळ्या मशीनच्या केबली जिथं येऊन मिळतात त्या स्विचच्या पेटीला तो त्यांनी जोडला, सगळ्या वर्गाच्या पॅकेटांची नक्कल त्याच्याकडं वळवली आणि कॅप्चर लावलं. आत विंडोज, त्यावर अँटिव्हायरस, आणि पडद्यावर रंगीबेरंगी ओळी धावत्या ठेवलेल्या.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "सर, ओळी बंद करा. थांबायची जागा वाढवा. गर्दीत हे सांडणार."

"मॅडम, पळताना दिसलं पाहिजे. पोरांना धाक राहतो."

धाकाचं म्हणाल तर तो माझ्यावरही होताच, म्हणून मी पुढं बोलले नाही.

परीक्षेच्या शेवटच्या मिनिटाला सगळा वर्ग एकदम सबमिट करतो. त्यात ते सॉफ्टवेअर असं अवलक्षणी, की परीक्षाभर काढलेले प्रत्येकाचे फोटोही नेमके तेव्हाच पाठवतं. त्या दिवशीही तसंच झालं. दुसऱ्या दिवशी कळलं की सगळ्यांचे पेपर सर्व्हरवर आहेत, फक्त या मुलीचा नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी हात वर केले, आमच्याकडं आलंच नाही म्हणाले. मुलगी म्हणाली, "मॅडम, म्या सबमिट केलंय. हिरवी खूण आली व्हती."

सरांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर उघडला, तिच्या मशीनकडून निघालेली पॅकेटं तेवढी गाळून काढली आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. शेवटच्या मिनिटात तिच्याकडून काहीच निघालेलं दिसत नव्हतं. "बघा," सर म्हणाले, "केबल काढून बसली होती. वेळ चोरत होती आणि चोरता चोरता वेळच संपला." सरांचा आवाज एवढा खूश होता की मला त्यांची घृणा आली. कॉपी केस ठरली. समिती बसणार, पालकांना बोलावणार.

मी ती फाइल मागून घेतली. पहिल्यांदा बघितला खालचा कोपरा. तिथं प्रोग्राम स्वतःच सांगतो की माझ्याकडून इतकी पॅकेटं सुटली. आकडा चांगला दणदणीत होता. कुणी वाचला नव्हता, कारण तो रंगीत नव्हता. मग मी सरांची गाळणी उलटी लावली. तिच्याकडून काय निघालं ते नको, सर्व्हरकडून तिच्याकडं काय आलं ते दाखव. आणि तिथं होतं. पॅकेट पोचलं की समोरचा कॉम्प्युटर पोच देतो. सर्व्हरनं तिच्या मशीनला पोच दिली होती, एकामागून एक, त्याच शेवटच्या मिनिटात. आमच्या कॉम्प्युटरला जी पॅकेटं दिसलीच नव्हती, त्यांची पोच. जाडजूड पॅकेटं गर्दीत सांडतात, पोच चिमुकली असते, ती मावते. पत्र आलंच नाही म्हणता, मग पोच कशाची दिली? मुलीनं पाठवलं होतं, सर्व्हरनं घेतलं होतं, पुढं त्या सॉफ्टवेअरनं कुठं घातलं ते त्याचं त्याला ठाऊक. केबल जागेवरच होती.

मी सरांकडं गेले. सरांनी चष्मा वर केला. "कॅप्चर कसं चुकेल मॅडम? माणूस आहे का ते? मशीन आहे."

"सर, आपला पेपर त्याच्यावरच आहे."

"कोणता?"

मी नाव सांगितलं. पहिलं नाव त्यांचं असलेला तो पेपर सरांना आठवायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "ते थिअरी झालं."

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी म्हटलं, थिअरी नको तर त्याच मशीनवर करून दाखवते. सर म्हणाले, "दाखवा की. समितीपुढं ठेवा." त्यांना वाटलं असेल, तासिकेवरची बाई, सुट्टीच्या दिवशी कशाला येते.

मी रविवारी आले. घरून जुन्या हार्डडिस्क आणल्या, एकीवर लिनक्स, एकीवर फ्रीबीएसडी. मुलगीही आली, लोहाऱ्याहून, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. कुंकवाचा कॉम्प्युटर तोच ठेवला, स्विच तोच, केबल तीच. डिस्क तेवढी बदलायची. पलीकडून मुलगी नंबर टाकलेली पॅकेटं सोडायची, आधी सावकाश, मग वाढवत वाढवत, परीक्षेच्या शेवटच्या मिनिटाएवढी गर्दी होईपर्यंत. इकडं मी हजेरी घ्यायची. सरांनी ठेवलं होतं तसंच विंडोज ठेवलं, तर गर्दी सुरू होताच नंबरांमध्ये भगदाडं पडायला लागली. लिनक्सनं बराच वेळ धीर धरला आणि मग थोडं थोडं सांडलं. फ्रीबीएसडी त्याच्या आगेमागेच. मग मी विंडोजमधल्या धावत्या ओळी बंद केल्या, अँटिव्हायरसला बाजूला बसवलं, थांबायची जागा वाढवली, तर तेही शहाण्यासारखं वागायला लागलं. माझा जुना प्रबंध, ओळ न ओळ, माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा खरा होत होता. खरं सांगते, मला लई बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या कामाचा कुणालातरी उपयोग होणार होता.

"मॅडम, हे समद्यांना पटंल?" मुलीनं विचारलं.

"न पटायला काय झालं," मी म्हणाले. भाकरी लई चांगली होती.

समिती म्हणजे प्राचार्य, सर आणि दुसऱ्या विभागाचे एक प्राध्यापक, जे सगळ्या समित्यांवर असतात आणि कुठंच बोलत नाहीत. अहवालाची एक प्रत मी आदल्या दिवशीच सरांच्या टेबलावर ठेवली होती, दुसरी घेऊन कडेच्या खुर्चीवर बसले. आधी माझं ऐकायचं, मग मुलीचं, असं ठरलं होतं. पण शिपायानं पालकांना आधीच आत सोडलं.

मुलीचे वडील आले ते चपला बाहेर काढून. केसांत, भुवयांत पिठाची पांढरी भुकटी, धुतली तरी न जाणारी. दारातूनच त्यांनी टोपी हातात घेतली, वाकले आणि म्हणाले, "चुकी झाली साहेब. लेकरू हाय. पदरात घ्या."

कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांना बसा म्हणायचंही राहिलं होतं.

मी जन्मापासून या जिल्ह्यात आहे, मला ते लगेच कळलं. आमच्याकडं माणूस तहसीलला जाऊ दे, लाइटीच्या ऑफिसात जाऊ दे, दारात शिरताना आधी माफी मागतो आणि मग काय झालं ते विचारतो. पाऊल टाकायच्या आधी चप्पल काढावी, तसंच ते. त्यात कबुली नसते. साहेब चिडलेला असणार, तर तो आधी थंड व्हावा, एवढाच त्याचा अर्थ. गिरणीचं मीटर जळालं तेव्हाही ते असंच म्हणाले असतील आणि गावात पाणी आलं नाही तेव्हाही.

पण सरांनी पेनचं टोपण काढलं. "पालकांनीच कबूल केलंय," ते म्हणाले. "आता काय राहिलं?"

"सर, त्यांना ठाऊक तरी आहे का काय झालंय ते?" मी उठले. "माझा अहवाल आहे. मशीननं पॅकेटं सांडलीत. सर्व्हरची पोच आहे. मी दाखवते."

प्राचार्यांनी अहवाल घेतला, तिन्ही सिस्टिमचे आलेख उलटून पाहिले. "छान झालंय. मेहनत दिसते. पण मॅडम, वडीलच मान्य करतायत म्हटल्यावर प्रश्न तांत्रिक राहत नाही ना." आणि अहवाल माझ्याकडं परत आला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं सरांकडं पाहिलं नाही, प्राचार्यांकडं पाहिलं नाही. ती वडलांकडं बघत होती, आणि वडील अजून हात जोडूनच होते.

बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे मॅडम. मी वाचलं काल. मशीननंच सांडलंय."

काल वाचलं होतं. म्हणजे आत बसताना माहीत होतं. टोपण काढताना माहीत होतं.

"मग सर?"

"मग काय. समिती बसली म्हटल्यावर फाइलीत काहीतरी लागतं. कोरी फाइल बंद करता येत नाही. तिला म्हणावं एक माफीनामा दे. चुकून झालं म्हणून लिही. मी पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा घेतो, वर्ष वाचतं. नाहीतर विद्यापीठाकडं पाठवावं लागेल, निकाल राखून ठेवतील, मग कधी लागेल ते देव जाणे." एवढं बोलून ते दोन पावलं गेले आणि वळले. "आणि हे तुलनेचं मस्त झालंय. याचा पेपर करू आपण."

आपण म्हणे. मला शिव्या येतात. आमच्या गल्लीतल्या बायकांना येतात तेवढ्या सगळ्या येतात. त्या वेळी एकही आली नाही, आणि म्हणून मला त्या माणसापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

मुलगी लॅबमध्ये येऊन बसली. समोर कोरा कागद, हातात पेन. शिपायानं तिला निरोप आधीच दिला होता.

"लिहू नकोस," मी म्हणाले. "आपण विद्यापीठात जाऊ. माझ्याकडं सगळं आहे."

"निकाल राखून ठिवतील ना, मॅडम?"

"ठेवतील थोडे दिवस."

"कंपनी थांबंल का तवर?"

माझ्याकडं तिन्ही सिस्टिमची हजेरी होती, आलेख होते, पोच होती. कंपनीची तारीख तेवढी माझ्या हातात नव्हती.

"तुमचं समदं खरं हाय," ती म्हणाली. "पण मला वर्ष पायजे. सांगा, काय लिहू. मला असलं लिवता येत न्हाय."

आणि मी सांगायला लागले. ज्या तोंडानं समितीपुढं मशीननं सांडलं म्हटलं, त्याच तोंडानं. मा. विभागप्रमुख, यांच्या सेवेशी. मी खाली सही करणार. परीक्षा चालू असताना माझ्या हातून केबल निघाली...

तिचं पेन थांबलं. "हातून नको मॅडम. पाय लागून निघाली लिवते. हातून म्हणलं की मुद्दाम वाटंल."

"लिही," मी म्हणाले.

शेवटी पुन्हा असे होणार नाही, क्षमा असावी, हे तिनं न विचारता लिहिलं. तेवढं सगळ्यांना येतं. "ऑफिसात देशील तेव्हा पोच घे," मी म्हटलं, कारण सवय. ती कागद घेऊन गेली. मी लॅबला कुलूप लावून खाली आले, तर फाटकाजवळच्या कट्ट्यावर तिचे वडील बसले होते. मला बघून उठायला लागले.

"बसा मामा," मी म्हणाले आणि शेजारी बसले.

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "बाई, एक इचारू का? पोरीनं खरंच वायर काढली व्हती का?"

तेव्हा मला कळलं की त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. "नाही मामा," मी म्हणाले. "तुमच्या गिरणीच्या वरच्या तोंडात कुणी अख्खं पोतं एकदम ओतलं तर काय होईल?"

"सांडंल की कडंनी."

"सांडलेले गहू गिऱ्हाइकानं आणलेच नव्हते, असं म्हणाल का तुम्ही?"

"ते कसं म्हणंल कुणी."

"तसंच झालं. तिनं पेपर पाठवला होता. आमच्या मशीनकडून सांडला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कॉलेजच्या इमारतीकडं पाहिलं. टोपी गुडघ्यावरून उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

"मंग म्या माफी कशाची मागितली?"

तेवढ्यात मुलगी ऑफिसातून आली. हातात माफीनाम्याची प्रत, खाली निळा गोल शिक्का. "पोच घेतली, मॅडम," ती म्हणाली. वडलांनी तिच्याकडून कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर जुळवत वाचला आणि कागद खाली न करताच विचारलं, "माझ्या बोलण्यानं लिवावं लागलं व्हय गं तुला हे?"

मुलीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग वडलांच्या हातातून कागद घेऊन घडी घालून पिशवीत ठेवला.

"न्हाय आप्पा," ती म्हणाली. "पाय लागला व्हता माझा."